आगगाडी विकली कोणी?

स्वयंपाक आटोपला की आमचे यजमान शेगडीसमोर ताठ उभे राहतात, उजव्या हाताचं बोट बटणावर रोखतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, ‘गॅस बंद, ठीक!’ मग मागे वळून दाराकडे बोट. ‘कडी लावली, ठीक!’ पुण्याहून आलेल्या नणंदेने हे पाहिलं तेव्हा तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘वहिनी, दादाला कुणा डॉक्टरला दाखवलंस का?’

त्यांना काही झालेलं नाही. हा माझ्या नोकरीचा प्रसाद आहे. जपानी रेल्वेत सिग्नल, दार, घड्याळ, जे काही तपासायचं त्याच्याकडे बोट दाखवून ते मोठ्याने बोलायचं अशी शिस्त आहे. नुसता डोळा फसतो. डोळा, बोट आणि तोंड अशी तिघं एकदम सहसा फसत नाहीत. भारतातून प्रशिक्षणाला येणाऱ्या रेल्वेच्या मंडळींना हे समजावून सांगायला दुभाषी म्हणून मी उभी असायची. घरी येऊन यांना गंमत म्हणून सांगितलं. बँकेत हयात घालवलेल्या माणसाच्या हाती तपासणीची नवी रीत लागल्यावर तो ती सोडतो होय!

ओसाकात मी आले ती यांच्या बदलीबरोबर, दोन-तीन वर्षांच्या बोलीने. बोली केव्हाच संपली, आम्ही राहिलो. आमचं आडनाव ओक. जपानीत ‘ओकुसान’ म्हणजे दुसऱ्याची बायको, वहिनी. जपानी माणूस नावापुढे सान लावणारच, आणि ओकचा उच्चार त्याच्या तोंडी ओकु होणारच. त्यामुळे बँकेत पहिल्याच दिवशी यांना सगळ्यांनी आदराने ‘वहिनी, वहिनी’ म्हणून हाक मारली. मला मात्र त्या आडनावाचा कधी त्रास झाला नाही. मी वहिनी होतेच.

इथली माझी पहिली बालभारती म्हणजे इमारतीखाली लावलेला कचऱ्याचा तक्ता. जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, हे वाचता वाचता अक्षरं कळायला लागली. शेजारच्या आजीबाई चुकीची पिशवी दाराशी परत आणून ठेवायच्या आणि वर वाकून माफी मागायच्या. मग कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या अष्टौप्रहर उघड्या दुकानात, अर्धवेळ काम केलं. तिथे भाषा सुटली, आणि भाषेच्या बोटाला धरून मी रेल्वेत गेले. या शहराने मला शिकवलं, चुका पोटात घातल्या आणि वर पगारही दिला. माझ्यावर त्याचे उपकार आहेत, आणि ते मी मोकळेपणाने सांगते.

दोन भाषा आल्या की दुभाषी होता येतं असं लोकांना वाटतं. तसं असतं तर निम्मे मुंबईकर दुभाषी झाले असते. खरं काम शब्दांच्या मागे काय उभं आहे ते बघण्याचं. एकदा आपल्याकडच्या रेल्वेचे एक मोठे अधिकारी इथल्या कंपनीशी बोलणी करायला आले होते. मूळचे सोलापूरचे, रांगडे आणि मोकळे. सगळं ऐकून घेऊन जपानी साहेब म्हणाले, ‘केन्तो शिमासु.’ शब्दशः अर्थ, ‘विचार करतो.’ तसं भाषांतर केलं असतं तर आमचे साहेब आणखी आठवडाभर हॉटेलात वाट बघत बसले असते. मी म्हटलं, ‘साहेब, ते म्हणताहेत, पत्रिका बघून कळवतो.’ साहेबांच्या घरी तेव्हा मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. ते एकदम म्हणाले, ‘असं होय! मग चला, चहा घेऊ आन् निघू.’

या कामात एक उणीव मात्र आहे. दुभाष्याला गोष्टीचा मधला तुकडा तेवढा मिळतो. सभा संपली की माणसं आपापल्या गाडीने जातात आणि पुढे काय झालं हे आपल्याला कोणी कळवत नाही. पुष्कळ माणसांचं काय झालं असेल, हे मला अजून जाणून घ्यावंसं वाटतं.

रेल्वेतलं काम कमी झाल्यावर मोरीतासाननी मला त्यांच्याकडे बोलावलं. मोरीतासान आयुष्यभर एका खासगी रेल्वेत होते आणि निवृत्तीनंतर एका छोट्या रेल्वे-दालनाचे प्रमुख झाले. दालन म्हणजे जुन्या गोदामात मांडलेली इंजिनाची चाकं, तिकिटाची यंत्रं, टोप्या आणि छायाचित्रं. आठवड्यातले काही दिवस मी तिथे परदेशी पाहुण्यांना माहिती सांगते. मोरीतासान अतिशय मऊ बोलतात, पण दालनात कोणी फोनवर बोलू लागलं की त्यांच्या कपाळावर आठी येते आणि ते त्या माणसासमोर जाऊन, काही न बोलता, वाकून उभे राहतात. फोन बंद होईपर्यंत वाकलेलेच.

त्यांना वेड होतं ते एकाच विषयाचं. गावच्या लोकांनी पदरमोड करून बांधलेल्या आणि पुढे सरकारांनी विकत घेतलेल्या छोट्या आगगाड्या. परक्या राजवटीत अशा गाड्या जगभर झाल्या. आपल्याकडे मोठी रेल्वे मोठ्या गावांवरून जायची. आतल्या तालुक्याचा कापूस, गूळ, धान्य बैलगाडीनेच तिच्यापर्यंत यायचं. मग तिथले व्यापारी, वकील, जमीनदार एकत्र येत, कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, विकत, आणि मोठ्या स्टेशनापासून गावापर्यंत अरुंद रूळ टाकत. इंजिन एवढंसं. चढ आला की उतारू उतरून शेजारून चालायचे, अशा कथा प्रत्येक गाडीबद्दल सांगतात. अशा गाड्यांवर मोरीतासाननी प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि हिंदुस्थानच्या भागासाठी मला हाताशी घेतलं. जपानने ताब्यात घेतलेल्या मुलखातल्या गाड्याही त्यात होत्या, आणि तिथे घेणारं सरकार आपलं, जपानचं, होतं, हेही त्यांनी फलकावर सरळ लिहिलं. एक वयस्क पाहुणे त्यावर कुरकुरले. मोरीतासाननी त्यांना चहा पाजला, फलक तसाच ठेवला.

प्रदर्शन चालू होतं तेव्हाचीच ही गोष्ट. भर उन्हाळ्याची दुपार होती. मी टेबलाशी बसले होते आणि आतून स्वच्छ मराठी ऐकू आलं.

‘बाबा, तुम्ही आधी बसा बघू. पाणी देऊ का?’

मी धावले. बाकावर ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. चेहरा पांढरा पडलेला. शेजारी त्यांचा मुलगा, हातात फोन. मला मराठी बोलताना पाहून मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याचं नाव निखिल देवळे. तोक्योत ओजिमाला राहतो, तिथे एका कंपनीत आहे. वडील दोन महिन्यांसाठी आले होते म्हणून त्यांना ओसाका दाखवायला आणलं होतं. ‘किल्ला बघून झाला, ऊन फार होतं, म्हटलं इथं एसी असेल,’ तो म्हणाला. ‘एरवी बाबांना रेल्वेचं काही बघायला आवडत नाही. पण ह्या फोटोपाशी थांबले आणि म्हणाले, काय लिहिलंय ते वाच. मी फोनने ट्रान्सलेट केलं. एवढंच झालं, खरंच.’

फोनवर काय आलंय ते मी पाहिलं. कापसाच्या गठ्ठ्यांशेजारी उभ्या असलेल्या एका छोट्या इंजिनाच्या छायाचित्राखालचा तो मजकूर होता, आणि फोनने त्याचं मराठी केलं होतं: ‘ही रेल्वे पुढे सरकारने लाच देऊन फितवली.’

देवळेकाका माझ्याकडे बघून म्हणाले, ‘इथंसुद्धा? जपानातसुद्धा लिहून ठेवलंय?’

मला कळेना. पाणी प्यायल्यावर ते हळूहळू बोलू लागले. मुलाकडे बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

ती गाडी त्यांच्या गावची, फोटो पाहताच त्यांनी ओळखली होती. कापसाच्या मुलखातलं तालुक्याचं गाव. गाडी काढणाऱ्यांत त्यांचे आजोबा पुढे होते. घरोघर जाऊन त्यांनीच लोकांना भाग घ्यायला लावले. पुढे इंग्रज सरकारने गाडी घेतली. नवे साहेब आले, गावची माणसं कामावरून गेली, मालाचे दर वाढले, आणि बाजाराच्या दिवशी मळ्यांपाशी थांबणारी गाडी थांबेनाशी झाली. नेमकं त्याच सुमारास आजोबांनी काचेच्या खिडक्यांचं माडीचं घर बांधलं. झालं. देवळ्यांनी आपली गाडी इंग्रजाला विकली, वर हात ओले करून घेतले, असं गाव म्हणू लागलं. आजोबा कोणाला काही बोलले नाहीत आणि थोड्याच काळात गेले. मागे घराला नाव राहिलं, रूळविके.

‘शाळेत मास्तरसुद्धा म्हणायचे,’ काका म्हणाले, ‘रूळविक्या, आजोबानं रूळ विकले, तू शाळेची घंटा विकशील. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न गावातच झालं. सासरी तिला रूळविक्यांची लेक म्हणत. शेवटी बाबांनी गाव सोडलं आणि आम्ही पुण्याला आलो. मी तेव्हाच ठरवलं, ह्या गावात पाय ठेवायचा नाही. ठेवला नाही.’

‘बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही,’ निखिल म्हणाला.

‘सांगण्यासारखं काय आहे त्यात?’

अक्का अजून त्याच गावात होत्या. पूर्वी दर भाऊबीजेला अक्काच पुण्याला यायच्या. आता नव्वदी जवळ आली, गुडघे गेले, त्यांचं येणं बंद झालं. दर दिवाळीत फोनवर म्हणायच्या, आता तू ये. आणि काका दरवर्षी काहीतरी निमित्त काढायचे. भावंडांनी एकमेकांना पाहून बरीच वर्षं झाली होती.

मी त्यांना आधी फोनची चूक सांगितली. जपानीत ‘बाइशू’ असा एक शब्द आहे. कंपनी, जमीन, रेल्वे विकत घेतली तर बाइशू. आणि माणसाला पैसे चारून फोडलं तरी बाइशूच. आपल्याकडे नाही का, दुकानातून भाजी विकत घेतात आणि निवडणुकीत माणूस विकत घेतात? फोनने नको तो अर्थ उचलला. फलकावर फक्त एवढंच होतं की सरकारने गाडी विकत घेतली.

निखिल सुटल्यासारखा हसला. काका हसले नाहीत. ते गणिताचे शिक्षक होते, असे सुटणारे नव्हते.

‘लाच नसेल,’ ते म्हणाले. ‘पण विकत घेणारा आहे म्हणजे विकणारा असणारच की, बाई. गाव तेच म्हणत होतं.’

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. त्या भागाचे सगळे फलक मीच तपासले होते. पण माझ्या तोंडून ते सांत्वन वाटलं असतं. आपल्या माणसाने केलेल्या सांत्वनावर कोणाचा विश्वास बसतो? मी मोरीतासानना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकलं, आणि बाकापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसले, काकांची नजर वर करायला लागू नये म्हणून.

ते सांगत गेले, मी मराठीत करत गेले. अशी गाडी बांधायची तर सरकारशी करार करावा लागे. जमीन सरकार देई, परवानगी सरकार देई. त्या बदल्यात करारात एक कलम असे: ठरावीक मुदत संपली की, आगाऊ नोटीस देऊन, सरकारला वाटेल तर ते गाडी विकत घेईल. किंमत कशी काढायची तेही आधीच ठरलेलं. हक्क एकट्या सरकारचा. मालकाला विचारायचं कारणच नाही.

‘मालक नाही म्हणाला तर?’ काकांनी विचारलं.

‘नाही म्हणायची सोय नव्हती.’

‘पैसे घेतले नसते तर?’

‘पैसे पडून राहिले असते. गाडी गेलीच असती.’

‘म्हणजे विकली नाही?’

मोरीतासाननी मान हलवली. ‘तुमच्या आजोबांनी विकली नाही. सरकारने घेतली.’

विकली आणि घेतली. व्याकरणात क्रियापद बदललं, एवढंच. पण त्या दोन शब्दांच्या मध्ये एका घराचं गाव सुटलं होतं. मला वाटलं, आता इथेच थांबावं, उठून सगळ्यांसाठी चहा आणावा.

पण मोरीतासान थांबले नाहीत. ते म्हणाले, ‘एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या करारावर गाडी काढणाऱ्यांच्याच सह्या असत. तुमच्या आजोबांचीही असेल.’

मी मोरीतासानकडे बघितलं. मनात म्हटलं, बाबा रे, कशाला? भरत आलेल्या जखमेची खपली कशाला काढतोस? वाक्य गाळणं दुभाष्याला फार सोपं असतं, समोरच्याला पत्ताही लागत नाही. ते मी आजवर केलं नव्हतं. जड जिभेने मी ते मराठीत सांगितलं.

काकांनी फलकावरच्या इंजिनाकडे बघितलं.

‘म्हणजे,’ ते म्हणाले, ‘ही गाडी एक दिवस आपल्या हातातून जाणार, हे त्यांना सही करतानाच माहीत होतं?’

मी विचारलं. मोरीतासान म्हणाले, ‘हो. सगळ्यांनाच माहीत होतं.’

‘आणि तरी बांधली.’

हा प्रश्न नव्हता, तरी मी ते मोरीतासानना सांगितलं. ते म्हणाले, ‘हो. तरी बांधली. मला आयुष्यभर ह्याच माणसांचं कुतूहल वाटत आलं आहे.’ आणि त्यांनी गुडघ्यांवर बसल्याबसल्या काकांना नमस्कार केला, कपाळ जवळजवळ जमिनीला लागेपर्यंत. हा नमस्कार त्या आजोबांना होता हे काकांना कळलं असावं, कारण त्यांनी नको नको म्हटलं नाही. ते रडायला लागले. निखिलही रडत होता. माझं विचारू नका.

मग काका म्हणाले, ‘निखिल, अक्काला फोन लाव.’

निखिल माझ्याकडे बघू लागला. दालनात फोनला मनाई असल्याची पाटी त्याच्या डोक्यावरच होती. मी मोरीतासानना विचारलं. ते उठले, दालनाच्या दाराशी गेले आणि आत येणाऱ्या दोन बायकांना वाकून म्हणाले, ‘क्षमा करा, थोडा वेळ थांबाल का? आत एक महत्त्वाचं बोलणं चाललं आहे.’

अक्कांना ऐकू कमी येत असे. फोनच्या पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग पांढऱ्या केसांखालचं अर्धं कपाळ.

‘अक्के, मी बोलतोय! आजोबांनी गाडी विकली नाही!’

‘काय नाही?’

‘विकली नाही! घेतली! सरकारनं घेतली!’

त्या दालनात इतक्या मोठ्याने कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

‘तुला कुणी सांगितलं?’ अक्कांनी विचारलं.

‘इथल्या साहेबांनी. पक्कं आहे, अक्के. करारच तसा होता. गाडी जाणार हे आजोबांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी त्यांनी बांधली.’

मग अक्का म्हणाल्या, ‘मेलं इतकी वर्षं सगळं गाव विचारत राहिलं, विकली कुणी, विकली कुणी. बांधली कुणी, ते कुणी विचारलंच नाही की रे.’

काकांनी खिशातला रुमाल शोधला, तो सापडला नाही, तेव्हा मी माझा दिला.

‘बाबा असते तर...’ अक्का म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या. मग आवाज बदलून, थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाल्या, ‘आता तरी येशील का? का अजून काही राहिलंय?’

‘या भाऊबीजेला येतो.’

‘गाडी नाही हो आता. रूळसुद्धा उचलून नेले. एस.टी.नं यावं लागेल, आणि ती पण फाट्यावर सोडते.’

‘चालत येईन!’ काका ओरडले.

फोन ठेवल्यावर मोरीतासान दारातून आत आले. काय झालं, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, शेवटचं ‘चालत येईन’सुद्धा. मोरीतासान रेल्वेचा माणूस. त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘अंतर किती आहे?’

मी काकांना विचारलं. काका रुमालाने चष्मा पुसत होते. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले,

‘त्यांना सांगा, आता लांब नाही.’